सिम्युलेटरला पैसे नाहीत, पण सोनोग्राफीखाली सुई टोचायला शिकवायचं आहे: काय करावं?

सांगलीजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात नव्यानं शिकवायला लागलेल्या सहकाऱ्याचा हा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आमच्याकडे इंटर्न आणि पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, विभागात मशीन आहे. सिम्युलेटरचं कोटेशन लाखांत आलं आणि फाइल परत आली. मी घरी जिलेटिनचं मॉडेल करून बघितलं, पण स्क्रीनवर सगळं काळं दिसलं आणि दुपारपर्यंत मॉडेल वितळलं. पोरांना थेट पेशंटवर शिकवायची भीती वाटते. कमी खर्चात नेमकं काय करता येईल?"

मी मिरजेत भूलतज्ज्ञ आहे. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) आणि नर्व्ह ब्लॉक (नसेजवळ औषध सोडून तेवढाच भाग बधिर करणं) सोनोग्राफीखाली करायला शिकवते, आणि शिकवण्याचं बहुतेक सामान स्वयंपाकघरातून आणि मेडिकलच्या दुकानातून येतं. म्हणून तपशिलात लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या, नाहीतर पैसे असूनही चुकीची वस्तू घेतली जाते. सोनोग्राफी शिकण्यात दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे हात बसणं: प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) स्थिर धरणं, सुई आणि प्रोबमधून निघणाऱ्या आवाजाच्या लहरींचा पातळ पट्टा एका रेषेत आणणं, स्क्रीनकडे बघत हात चालवणं. दुसरं म्हणजे नजर बसणं: हे यकृत, ही किडनी, या दोघांच्या मधली काळी चीर म्हणजे पाणी किंवा रक्त, हे ओळखता येणं. हात बसवायला जेलीचा डबा पुरतो. नजर बसवायला डबा काहीच कामाचा नाही, तिथं खऱ्या पेशंटच्या सोनोग्राफीच्या भरपूर क्लिप लागतात. महागडा पुतळा, म्हणजे सिम्युलेटर, ही दोन्ही कामं एकत्र करतो, म्हणून तो महाग. तुम्ही ती वेगळी केलीत की खर्च एकदम खाली येतो.

हात बसण्याला मी इतकं महत्त्व का देते ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी दुसरीकडे काम करत असताना, रात्री दीडच्या सुमाराला एक निवासी डॉक्टर आटपाडीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मानेतून लाइन टाकत होता. मशीन होतं, प्रोब नीट धरला होता, स्क्रीनवर शिरेच्या आत पांढरा ठिपका दिसत होता. "मॅडम, आत आहे," असं तो म्हणाला, आणि सिरिंजमध्ये लालभडक रक्त उसळून आलं. त्याला दिसलेला ठिपका सुईच्या टोकाचा नव्हता, दांड्याचा होता. टोक शीर ओलांडून पलीकडच्या धमनीत गेलं होतं. पेशंट वाचला. मी गळ्यावर बोट दाबून उभी होते आणि तो मुलगा हातमोजे न काढता भिंतीला टेकून बसला होता. त्याला मी हीच प्रक्रिया चार वेळा दाखवली होती. दाखवली होती, करून घेतली नव्हती. चूक त्याच्याइतकीच माझी होती. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं मानेतली लाइन सोनोग्राफीखाली टाकावी असं 2002 मध्येच सांगितलं होतं, पण मशीन आल्यानं टोक दिसायला लागतं असं नाही. टोक शोधायला वेगळं शिकावं लागतं, आणि ते शिकण्यासाठी पन्नास वेळा चुकायची सोय पेशंटच्या मानेवर नसते.

आता तुमच्या डब्याकडे.

काळं दिसलं, कारण नुसत्या जिलेटिनमध्ये आवाज परतवणारं काही नसतं. आपल्या मांसात बारीक बारीक कण आणि तंतू असतात, त्यांच्यावर आपटून लहरी परत येतात आणि करडा पोत दिसतो. तो पोत जेलीत आणायला इसबगोल घाला, मेडिकलमध्ये मिळतो तोच, साधा, चव न घातलेला. आणि वितळलं कारण जिलेटिन तीस-पस्तीस अंशांच्या आसपास सुटायला लागतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये पंखा लावलेल्या खोलीतही ते टिकत नाही. एक तर प्रमाण वाढवा आणि मॉडेल फ्रीजमधून थेट वर्गात आणा, किंवा उन्हाळ्यापुरतं अगर वापरा, ज्याला किराणा दुकानात चायना ग्रास म्हणतात. अगर एकदा घट्ट झालं की ऐंशीच्या पुढं तापवल्याशिवाय वितळत नाही. पण ते ठिसूळ. सुई घातली की चीर जाते, त्या चिरेत हवा शिरते आणि पांढरी रेघ कायमची राहते. दहा-बारा टोचण्यांनंतर मॉडेल बाद. जिलेटिन लवचिक असतं, सुई त्यातून जाताना हाताला मांसासारखी लागते. थंडीत जिलेटिन आणि मेमध्ये अगर, असं मी करते. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. काही विद्यार्थ्यांना ते हाताळायचं नसतं, त्यांना आधी विचारा आणि त्यांच्यासाठी अगरचा डबा ठेवा.

माझं प्रमाण असं: एक लिटर पाण्याला शंभर ग्रॅम जिलेटिन. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात सुट्टं मिळतं, सांगलीच्या गणपती पेठेत विचारलंत तर कुणीही दुकान दाखवेल. पाणी आधी उकळून गार करून घ्या, म्हणजे त्यातली विरघळलेली हवा निघून जाते. त्यातलं थोडं गार पाणी घेऊन जिलेटिन अर्धा तास फुगवत ठेवा. उरलेलं पाणी कढत करा, पण जिलेटिन घातल्यावर उकळू देऊ नका, त्याचा घट्टपणा जातो. हळूहळू ढवळा. रवीनं घुसळलंत तर फेस होईल, आणि फेस म्हणजे हवा, हवा म्हणजे स्क्रीनवर पांढरा भपकारा आणि त्याखाली अंधार. वर आलेला फेस चमच्यानं काढून टाका. मिश्रण कोमट होऊन जरा दाटसर वाटायला लागलं की दीड-दोन चमचे इसबगोल भुरभुरवा. गरम असताना घातलंत तर ते एका जागी जमा होतं आणि मॉडेलचा अर्धा भाग धुक्यासारखा, अर्धा काळा दिसतो. जास्त घातलंत तर खोलवरचं काही दिसत नाही.

डबा दोन थरांत भरायचा. अर्धा भरून फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या, त्यावर शिरा मांडा, मग दुसरा थर कोमट असतानाच ओता. कढत ओतलात तर खालचा थर वितळून शिरा तळाला जातात. रात्रभर फ्रीजमध्ये.

शिरेसाठी जत्रेत कुत्रा-तलवार करून विकतात ते लांब फुगे उत्तम. ते पाण्याखाली धरूनच भरा, आत बुडबुडा राहता कामा नये. धमनीसाठी टूर्निकेची (रक्त काढताना दंडाला बांधतात ती) जाड रबरी नळी. या दोघांतला फरक हाच धडा आहे: प्रोब दाबला की फुगा चपटा होतो, नळी होत नाही. विद्यार्थ्यानं सुई हातात घेण्याआधी "यातली शीर कुठली?" हा प्रश्न दाबून सोडवला पाहिजे. नळीच्या बाहेर आलेल्या टोकाला सिरिंज जोडून एकानं हळूहळू पंप केलं तर नळी ठोके देते. फुग्यात निळं पाणी, नळीत लाल. सिरिंज मागं ओढली की उत्तर रंगातच येतं, माझ्या सांगण्याची गरज राहत नाही.

सलाईनच्या नळीचा मोह टाळा. ती कडक असते, सुई तिच्यावरून घसरते आणि विद्यार्थ्याला उगाच जोर लावायची सवय लागते.

आता द्राक्षं. ही आपली स्वतःची सोय आहे. जानेवारी ते एप्रिल तासगावची थॉमसन द्राक्षं हातगाडीवर मिळतात, बी नसलेली, लांबट. धुऊन, देठ काढून, पहिल्या थरावर मांडायची. स्क्रीनवर साल पांढरी कड म्हणून दिसते आणि आत गडद गर. गाठीतलं पाणी काढणं, सुईनं नमुना घेणं, हे शिकवायला याहून चांगली वस्तू मला सापडलेली नाही. एका डब्यात पंधरा द्राक्षं वेगवेगळ्या खोलीवर ठेवा आणि सांगा, आठव्या द्राक्षाच्या बरोबर मध्यावर टोक न्या, साल पलीकडून फुटता कामा नये. सुई सालीला टेकते तेव्हा साल आधी आत दबते, मग एकदम सुटते. तो झटका बोटांना कळतो आणि स्क्रीनवरही दिसतो. शिरेची भिंत ओलांडताना हेच होतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो झटका डोळे मिटून एकदा अनुभवायला लावते. द्राक्षाऐवजी पपई किंवा अननसाचे तुकडे मात्र घालू नका, त्यातल्या पाचकरसानं जिलेटिन घट्टच होत नाही. हंगाम नसेल तेव्हा हातमोज्याचं बोट पाणी भरून, गाठ मारून वापरता येतं. बेदाणा घालून बघा, तो भरीव गाठीसारखा दिसतो, आणि पातळ-भरीव हा फरक एकाच डब्यात शेजारी शेजारी दाखवता येतो.

एक महत्त्वाचं: जेली पारदर्शक असते आणि विद्यार्थी डब्याच्या बाजूनं बघून सुई चालवतात. हे त्यांच्याकडून नकळत होतं. म्हणून वरच्या थरात खायचा गडद रंग घाला आणि डब्याच्या चारी बाजू कागदानं झाका. सांगलीत हळद हाताशी असते, पण हळदीचा डाग प्रोबच्या रबरावरून निघत नाही, तेव्हा रंगच बरा. प्रोबवर नेहमी आवरण हवं. आत जेल भरून वर हातमोजा चढवला तरी चालतो. वर्ग संपल्यावर कंपनीनं सांगितलेल्या द्रवानंच प्रोब पुसा, दिसेल ते स्पिरिट लावू नका. टोचलेला जिलेटिनचा डबा गरम पाण्यात ठेवून वितळवला, गाळला आणि पुन्हा ओतला की नवा होतो. फ्रीजमध्ये साधारण आठवडाभर जातो, नंतर बुरशी धरते.

खोलीची मापं डब्यावर तपासायला जाऊ नका. मशीन गृहीत धरतं की आवाज सेकंदाला 1540 मीटर वेगानं चालला आहे, मऊ मांसात साधारण तसाच असतो. पंचवीस अंशांच्या पाण्यात तो 1497 च्या आसपास असतो. त्यामुळं नुसत्या पाण्यातली तीन सेंटिमीटरवरची वस्तू मशीन मिलिमीटरभर खोल दाखवतं, आणि पाण्याच्या जेलीतही थोडाफार असाच फरक पडतो. सुई शिकवायला याचा काही अडथळा नाही.

नर्व्ह ब्लॉकसाठी जेली अपुरी पडते. तिथं स्नायूंच्या पडद्यांमध्ये औषध पसरताना दिसलं पाहिजे. त्यासाठी चिकन ब्रेस्टचे दोन तुकडे एकावर एक, मध्ये भिजवलेला जाड सुती दोरा. सुई दोऱ्याशेजारी नेऊन पाच मिली पाणी सोडलं की पडदे अलग होतात आणि दोरा काळ्या तळ्यात तरंगायला लागतो. सिरिंजमधली हवा आधी काढली नसेल तर तळ्याऐवजी पांढरा ढग येतो आणि पुढं काहीच दिसत नाही. एकदा हे झालं की तो विद्यार्थी आयुष्यात सुईतली हवा काढायला विसरत नाही. मांसाचं मॉडेल त्याच दिवशी टाकून द्यायचं, त्या सुया वेगळ्या, ते टेबल वेगळं, पेशंटच्या खोलीत ते न्यायचं नाही.

फुप्फुसांसाठी तर काहीच विकत आणावं लागत नाही. भांडी घासायचा स्पंज भिजवून अर्धवट पिळा, वर थोडं जेल लावा, त्यावर स्वतःचा पंजा ठेवा आणि दुसऱ्यानं पंजाच्या वरच्या बाजूला, हाडांना आडवा प्रोब धरायचा. पंजाची हाडं बरगड्यांसारखी सावली टाकतात. त्यांच्या मध्ये, तळवा स्पंजाला टेकतो तिथं, पांढरी रेषा दिसते. हात हळूच पुढे-मागे घासला की रेषा सरकते, थांबवला की थांबते. निरोगी फुप्फुसाची रेषा श्वासाबरोबर अशीच सरकते. छातीत हवा शिरलेल्या पेशंटमध्ये रेषा सरकत नाही म्हणजे काय, हे याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही. स्पंजात पाणी आणि हवा दोन्ही असल्यानं खाली उभ्या पांढऱ्या रेघाही उतरतात, पाणी भरलेल्या फुप्फुसात दिसतात तशा.

आणि या सगळ्याच्या आधी, पहिल्या तासाला, एक काकडी आणि सुरी. प्रोबचा पट्टा किती पातळ असतो हे मुलांच्या लक्षात येत नाही. त्यांना वाटतं आपण टॉर्चचा झोत टाकतोय. प्रत्यक्षात तो पत्त्यातल्या पानाच्या कडेएवढा आहे. काकडी आडवी कापा: चकती. उभी कापा: लांब पट्टी. तिरकी कापा: लांबोडकी चकती, जी खऱ्या शिरेपेक्षा मोठी वाटते. मग सुरीच्या पात्यासारखाच प्रोब धरायला सांगा.

नजर बसवायचं काम राहिलं. इथं कायद्याचा मुद्दा येतो आणि तो कुणीतरी आधीच सांगायला हवा, कारण बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून आपल्याकडची मुलं खिशातला प्रोब घेऊन वसतिगृहात सराव करायच्या गोष्टी करतात. आपल्याकडे हे चालत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं 1988 मध्ये केला, केंद्राचा कायदा 1994 चा. मशीन नोंदणीकृत जागेतच राहतं, नोंदणी नसलेल्याला विकत घेता येत नाही, इकडून तिकडे नेता येत नाही, मग समोर पेशंट असो की जेलीचा डबा. 2017 मध्ये मिरजेजवळ म्हैसाळला स्त्रीभ्रूणहत्येचं जे प्रकरण उघडकीला आलं ते आपण विसरलेलो नाही. या जिल्ह्यात तरी हा नियम जाचक आहे असं माझ्या तोंडून निघणार नाही. म्हणून डबा मशीनकडे न्यायचा, मशीन डब्याकडे नाही. वर्ग कधी, कुठल्या मशीनवर, कोण हजर, याची लेखी नोंद विभागात ठेवा आणि आपल्या समुचित प्राधिकाऱ्यांच्या (या कायद्याची अंमलबजावणी बघणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) कार्यालयात आधी विचारून घ्या.

म्हणूनच मशीनशिवाय चालणारं साधन आपल्याकडे जास्त मोलाचं ठरतं. कॅनडातल्या डॉक्टरांनी केलेलं एडस-टू नावाचं एक मुक्त स्रोत सिम्युलेटर आहे. कल्पना अगदी साधी: पुतळ्याच्या कपड्याखाली आरएफआयडीचे टॅग (रीडर जवळ आला की बिनतारी ओळखू येणाऱ्या छोट्या चकत्या) चिकटवायचे, खोट्या प्रोबमध्ये त्यांचा रीडर, आणि प्रोब टॅगवर आला की लॅपटॉपवर त्या जागेची खरी क्लिप सुरू होते. सांगलीतल्या विश्रामबागेत राहणाऱ्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यानं मला असंच एक करून दिलं: आरसी-522 नावाचा छोटा रीडर, एक आर्डुइनो (छोटा सर्किट बोर्ड), साबणाची प्लॅस्टिकची डबी हा प्रोब, आणि कापड दुकानातून आणलेला जुना पुतळा. लॅपटॉप सोडला तर दोन-तीन हजारांत झालं. उजव्या बरगडीखाली टॅग: यकृत आणि किडनीच्या मध्ये रक्त. डाव्या बाजूला, ओटीपोटात, छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली, असे एकूण चार टॅग की अपघाताच्या पेशंटची पोटातलं आणि हृदयाभोवतीचं रक्त शोधायची पहिली तपासणी होते. त्याची मर्यादाही समजून घ्या: प्रोब तिरका केला तरी क्लिप तीच चालते. त्यामुळं प्रोब कुठं ठेवायचा, कुठल्या क्रमानं, आणि दिसलं त्यावर निर्णय काय, एवढंच त्यातून शिकता येतं. माझ्या मते इंटर्नसाठी ते पुरेसं आहे. रात्री दोन वाजता हायवेवरचा अपघात आला की त्याला हाच क्रम आठवायचा असतो.

प्रोब झुकवला की चित्र बदलणारंही घरी करता येतं. थ्रीडी स्लायसर आणि प्लस टूलकिट ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत, कॅनडातल्याच क्वीन्स विद्यापीठाचं पर्क ट्यूटर त्यांच्यावरच उभं आहे. पण ते जमवायला संगणकाचा चांगला जाणकार आणि सवड लागते. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका. ती मेहनत क्लिप जमवण्यात घाला. आपल्याच रेडिओलॉजी आणि इमर्जन्सी विभागाच्या क्लिप, परवानगी घेऊन, पेशंटचं नाव, नंबर, तारीख सगळं काढून. नॉर्मल क्लिप भरपूर ठेवा. सगळे फक्त आजारच जमवतात आणि मग विद्यार्थ्याला प्रत्येक पोटात रक्त दिसतं.

वर्ग घ्यायची पद्धत डब्याइतकीच महत्त्वाची आहे. एका मशीनवर चारच जण. माझा एकच नियम: टोक दिसत नसेल तर सुई पुढे सरकवायची नाही. थांबायचं, हात न हलवता स्क्रीन बघायची, मग एक तर प्रोब हलवायचा किंवा सुई, दोन्ही एकदम नाही. टोकच आहे याची खात्री कशी करायची? प्रोब किंचित पुढे झुकवायचा. ठिपका नाहीसा झाला तर ते टोक, दिसतच राहिला तर तो दांडा, टोक आणखी पुढे आहे. सुई फार उभी धरली की लहरी भलतीकडे परततात आणि दांडाही दिसेनासा होतो, तेव्हा कोन कमी करायला शिकवा. एक जण टोचतो, दुसरा स्क्रीनचा मोबाइलवर व्हिडिओ घेतो, तिसरा कागदावर तीन गोष्टी लिहितो: किती वेळ लागला, सुई किती वेळा मागं घेतली, आणि टोक न दिसता किती वेळा पुढे ढकलली. वेळेला मी किंमत देत नाही. तिसरा रकाना सलग दहा प्रयत्नांत शून्य आला पाहिजे, आणि तो दोन वेगळ्या दिवशी आला पाहिजे. दोन आठवडे हात लावला नाही की पुन्हा डब्यावर.

त्यानंतर पहिला पेशंट. मी पलीकडच्या बाजूला उभी राहते, पेशंटला आधी सांगितलेलं असतं की हा डॉक्टर माझ्या देखरेखीखाली करणार आहे, आणि टोक जिथं आहे तिथं स्क्रीनवर माझं बोट असतं. विद्यार्थी टोक दाखवतो, मी मान डोलावते, मगच सुई अर्धा सेंटिमीटर पुढे. बोट काढून घ्यायची वेळ कधी येते हे प्रत्येकाचं वेगळं असतं, काहींचं तिसऱ्या पेशंटला, काहींचं दहाव्या.

जिलेटिनचं पुन्हा बिघडलं तर एखाद्या शनिवारी दुपारी मिरजेला या. दोन डबे तयार असतात, एक घेऊन जा.